तहकूब सभेचे अध्यक्ष

"बाई, तुम्ही जनपदाच्या का झेडपीच्या?"

खोली भाड्याने मागायला गेले तेव्हा काकाजींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, एकटी राहणार की सोबत कुणी आहे हेही नाही. आणीबाणी उठली त्याच्या आसपासची गोष्ट. मी नागपूरहून बदलून आलेली शाळामास्तरीण, हातात ट्रंक, डोक्यावर भंडारा जिल्ह्याचं ऊन. खरं ते सांगितलं, "झेडपीच्या."

काकाजींनी डोळे मिटले. कुणीतरी वाईट बातमी सांगावी तसा चेहरा झाला.

"शाळा कोनती?"

"बाजाराजवळची. कवेलूंच्या छपराची."

डोळे उघडले. "मंग असं सांगा ना! ते शाळा जनपदानं बांधली. म्हंजे तुम्ही जनपदाच्या. येऊ द्या सामान आत."

अशी मी एका न उरलेल्या सरकारची नोकर झाले आणि सात-आठ वर्षं त्या घरात राहिले.

जनपद म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. स्वातंत्र्य मिळाल्यावर नागपूर राजधानी असलेल्या जुन्या प्रांतात दर तहसिलीला एक जनपद सभा आली होती. गावोगावचे सभासद त्या सभेत बसायचे आणि तहसिलीतल्या शाळा, विहिरी, कच्च्या सडका, दवाखाना, कोंडवाडा, सगळ्याची काळजी करायचे. पुढे नागपूरची राजधानी गेली, भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला, मग महाराष्ट्र झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत जिल्हा परिषद नि पंचायत समित्या आल्या. जनपद मोडलं. पंधरा वर्षंही न भरलेलं त्याचं आयुष्य. लोकांच्या बोलण्यात तेवढं राहिलं, जनपदाची विहीर, जनपदाची सडक. आणि आमच्या काकाजींमध्ये राहिलं, तेही जिवंत.

कारण काकाजींच्या मते जनपद मोडलंच नव्हतं. सभा तहकूब झाली होती.

"तहकूब अन् बंद यात फरक आहे, बाई," ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले. "खुर्चीवरच्या मानसानं सभा संपली म्हटल्याशिवाय सभा संपत नाई. त्या दिशी खुर्चीवर मी होतो. मी नाई म्हटलं. अजून एक विषय बाकी आहे."

"कोणता विषय?"

"मोहटोल्याचा रपटा," एवढं बोलून ते उठून आत गेले.

मोहटोला म्हणजे नाल्यापलीकडचं एक छोटं गाव. तिथून बाजारगावाला यायला नाला ओलांडावा लागे आणि पावसाळ्यात तो नाला माणसाला उभं राहू देत नसे. आषाढ लागला की मोहटोला आपल्यापुरता एक मुलूख होऊन बसे. अगदीच अडलं तर लाकडाच्या डोंग्यातून जीव मुठीत धरून यायचं. तिथे एक दगडी रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, व्हावा, एवढाच तो विषय. जनपदाच्या शेवटच्या सभेपुढे आलेला आणि घ्यायचा राहून गेलेला.

आता काकाजी कसे होते ते सांगते. उंच, वाळलेले, खादीचा कुडता, धोतर, डोक्यावर कायम टोपी आणि पायांत कॅनव्हासचे बूट. हे बूट घरातही पायातच. दौऱ्यावर कधी निघावं लागेल काय सांगावं, असं त्यांचं म्हणणं. चुलीपर्यंत बूट आले की काकू पळी उगारायच्या. मग काकाजी बाहेरच्या बाहेर ओसरीवर बसून पान जुळवायचे आणि रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायचे, "तुमच्याकडच्या विहिरीले पानी कसं आहे?" विचारलेला माणूस उभा राहून नीट उत्तर द्यायचा. थट्टा करणारेही होतेच. ते त्यांना 'अध्यक्ष' म्हणायचे. काकाजी कधीच अध्यक्ष नव्हते, साधे सभासद होते, पण त्या शब्दाने त्यांची मान दोन बोटं वर जायची हे मी स्वतः पाहिलं आहे.

घरातला कारभारही सभेसारखाच. सकाळी काकू विचारायच्या, "वांगे करू का चवळीच्या शेंगा?"

"विषय रीतसर मांड."

"वांगे करावे असा विषय मांडते."

"अनुमोदन?"

मी हात वर करायची. मला वांगी मुळीच आवडत नाहीत. पण हात वर केला नाही तर चर्चा लांबायची आणि शाळेची घंटा होऊन जायची. काकूंनी मात्र या कारभारातली खोच बरोबर ओळखली होती. काकाजी जेवून डुलक्या घ्यायला लागले की त्या हळूच म्हणायच्या, "माहेरी आठ दिवस जावं असा विषय मांडते. कोनाचा विरोध? नाई ना? मंजूर." संध्याकाळी पिशवी भरलेली पाहून काकाजी चक्रावले की ठसक्यात सांगायच्या, "सभेनं मंजूर केलं. तुम्ही झोपून राहिले होते तं सभेनं काय कराचं?" सभेचा निर्णय म्हटल्यावर काकाजींचा नाइलाज होई.

सुटीच्या दिवशी दुपारी काकाजी सभागृहात सापडायचे. सभागृह म्हणजे जनपदाची जुनी लांबोडकी इमारत. आता तिथे पंचायत समितीचं बी-बियाणाचं गोदाम होतं. गोदामाचा राखणदार भला माणूस. त्याने पोत्यांमध्ये काकाजींची एक खुर्ची राहू दिली होती. मी चहाला बोलवायला म्हणून जायची आणि तिथेच रमायची. बाहेर ऊन रणरणत असायचं, आत धानाचा नि तागाचा वास, वर कवेलूंमध्ये बसवलेली दोन काचेची कवेलं. त्यांतून उजेडाच्या दोन पट्ट्या खाली उतरायच्या आणि त्यांत कोंड्याची धूळ सावकाश फिरत राहायची. ती हलणारी धूळ पाहत बसलं की आपण कोणत्या साली बसलो आहोत हेच कळेनासं व्हायचं.

काकाजी डोळे मिटूनच सांगायचे. "नदीकडचे सभासद खिडकीपाशी बसत. जंगलाकडचे दाराशी. त्यायले बिडी लागे ना. ते तिकडं जमीनदार मालगुजार बसत. पयल्या सभेले त्यायनं आपली गादीची खुर्ची घरून आनली होती, नोकराच्या डोक्यावर. आम्ही म्हटलं, इथं सगळ्यायच्या खुर्च्या सारख्या. तं मालगुजार दिवसभर दाराशी उभा राहिला, पन साध्या खुर्चीवर बसला नाई."

"मग?"

"मंग काय, दुसऱ्या सभेले पाय दुखून आले. बसला."

कोंडवाड्याची गोष्ट ते फार रंगून सांगायचे. एका सभासदाचा स्वतःचाच बैल कोंडवाड्यात पडला होता. जनावर मोकळं सोडणाऱ्यावर कडक इलाज करावा, असं भाषण याच सभासदाने सकाळी ठोकलेलं. दुपारी बैलाची बातमी आली. त्याने उभं राहून विचारलं, सकाळचं भाषण मागे घेता येतं का? सगळं सभागृह हसलं, आणि हसणाऱ्यांत तो स्वतःही होता. "असे मानसं होते," काकाजी म्हणायचे. "राजधानी नागपूरची मुंबईले गेली, बाई. राज्याचं नाव बदललं, झेंडेवाले बदलले. आमचं जनपद जागच्या जागी. पायी जाऊन सडक पाहत होतो आम्ही. मुंबईले काय दिसते इथली सडक?"

मी ऐकत राहायची. खिडकीपाशी कुणीतरी खाकरल्यासारखं वाटायचं, मी वळून पाहायची तर पोती. हळूहळू मलाही कोण कुठे बसायचं ते पाठ झालं. जंगलाकडच्यांच्या जागेवर पाय पडू नये म्हणून मी बाजूने जायला लागले. नागपूरच्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तू बदली मागून घे.

महिन्याच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी ओसरीवर जनपदाची बैठक भरायची. हयात सभासदांपैकी दोघंच यायचे. एक जंगलाकडचे, कानाने पूर्ण गेलेले. ते आनंदाने प्रत्येक गोष्टीला अनुमोदन देत. दुसरे सिहोऱ्याकडून येऊन इथे स्थायिक झालेले, काकाजींचे जुने विरोधक. जनपदात ते काकाजींच्या प्रत्येक विषयाला विरोध करत आणि ती सवय त्यांनी मोडली नव्हती. काकाजींनी आज ऊन आहे म्हटलं की हे म्हणायचे, "ऊन कसलं, आभाळ आहे." तरी एकही बैठक त्यांनी चुकवली नाही. जनपदाची नोकर म्हणून मला शाळेची हकीकत तोंडी सांगावी लागे. मग चहा.

या बाजाराच्या दिवसाचीच एक विचित्र गोष्ट माझ्या ध्यानात आली. सगळ्या तहसिलीची विचारपूस करणारे काकाजी बैठक आटोपली की घरात शिरायचे आणि बाजार उठेपर्यंत बाहेर पडायचे नाहीत. सामान आणायला काकू जायच्या. मोहटोल्याच्या बाया चिंचेखाली मोहफुलं आणि झाडू घेऊन बसत. काकूंना पाहिलं की त्या हमखास विचारत, "काकाजी बरे आहेत ना जी? सभा कवा भरन?" काकू घरी येऊन हे सांगायच्या आणि काकाजी कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचे. ते सगळीकडे दौरा करायचे, मोहटोल्याच्या वाटेला मात्र कधी जात नसत.

एका दुपारी तांदूळ निवडता निवडता काकूंनीच मला सगळं सांगितलं.

"शेवटच्या दिशी अध्यक्ष भंडाऱ्याले गेले होते. तं खुर्चीवर हे बसले. साऱ्या जन्मात एकदा खुर्ची भेटली यायले. मोहटोल्याचे लोक आदल्या दिशीच बैलबंड्या घेऊन आले होते, बाया-मानसं, सगळे. बाहेर चिंचेखाली रांधलं, तिथंच झोपले. त्यायचा विषय शेवटचा होता. अन् मधातच निरोप आला का नवा कायदा लागू झाला, आता ही सभा काईच मंजूर नाई करू शकत. मंग कोन बसते? एकेक सभासद उठला अन् मोटर पकडाले गेला. हे एकटेच खुर्चीवर."

काकूंनी सुपातला खडा काढून फेकला.

"बाहेर आले तं ते लोक बसूनच. एका बाईनं इचारलं, आमचा नंबर कवा जी? अन् यायच्या तोंडून निघून गेलं, सभा तहकूब झाली आहे, मोडली नाई, जवा भरन तवा पयला विषय तुमचा. त्यायनं हात जोडले, बैल जुंपले, गेले. तुमचे काकाजी कधी खोटं नाई बोलले, बाई. ते एकच बोलले. आता सभा बंद झाली म्हटलं तं ते बोलनं खोटं होते. म्हून तहकूब."

मला हसू यायचं राहिलं. इतके दिवस मी ज्याला विक्षिप्तपणा समजत होते, तो एका माणसाने दिलेला शब्द होता, आणि पाळायची सोय नसल्याने त्याने त्याच्याभोवती सगळं जनपद जागं ठेवलं होतं. पंचायत समितीकडे जाऊन रपटा मागणं सोपं होतं. पण ते मागणं म्हणजे जनपद मेलं हे आपल्या तोंडाने कबूल करणं. काकाजी पंचायत समितीच्या दारावरूनही जात नसत. गावात कुठेही जायचं तर मागच्या गल्लीने वळसा घालून जात. तरीही माझ्या मनात येई, तो नाला काही तहकूब झालेला नाही.

तिसऱ्या की चौथ्या वर्षीच्या श्रावणातली बैठक. पाऊस नुसता कोसळत होता. धानाची लावणी, तिकडचा रोवणा, सुरू असल्याने रस्त्यावर माणूस नव्हतं. काकाजींनी शाळेची हकीकत विचारली. मी सहज सांगून गेले, "मोहटोल्याचं एकही मूल नाही. नाल्याला पूर आहे. आता दिवाळीनंतरच येतील, तोवर शिकलेलं विसरून."

काकाजींच्या आधी विरोधक बोलले.

"ऐकलं का? तुझं जनपद जितं राहावं म्हून ते पोट्टे नाल्यापल्याड बसून आहेत. समितीत एक अर्ज दिला असता तं आतापर्यंत रपटा झाला असता. पन तुले खुर्ची सोडवत नाई."

"खुर्चीचा विषय नाई तो," काकाजी म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की कानाने गेलेले सभासद नेहमीप्रमाणे अनुमोदन द्यायला हात वर करायचंही विसरले.

"मंग कायचा आहे?"

काकाजींनी पानाचा डबा मिटला. ते उठून आत गेले. त्या दिवशी बैठकीचा चहा तसाच राहिला.

त्यानंतर काकाजी गोदामात गेले नाहीत. पायातले बूट काढून त्यांनी कोनाड्यात ठेवले आणि अनवाणी घरात फिरू लागले. रस्त्याने जाणाऱ्याला विहिरीचं पाणी विचारीनात. सकाळी काकू म्हणाल्या, "वांगे का शेंगा?" तर म्हणाले, "काईबी कर." काकू माझ्या खोलीत आल्या, डोळे भरलेले. "बाई, त्यायनं आज अनुमोदन नाई मागतलं." जन्मभर ज्या गोष्टीवरून त्या करवादल्या, ती थांबली तेव्हा त्यांना धडकी भरली. मलाही भरली. आपण उगाच बोललो असं वाटत राहिलं आणि बोललो हे बरंच झालं असंही वाटत राहिलं.

मग एका सकाळी बूट पायात. डोक्यावर धुतलेली टोपी. "बाई, अर्ध्या दिसाची रजा काढा. माझ्यासंग याचं आहे." कुठे ते विचारायची हिंमत झाली नाही. आम्ही मागच्या गल्लीने न जाता सरळ रस्त्याने गेलो आणि काकाजी पंचायत समितीच्या पायऱ्या चढले.

सभापती तरुण होता. खोलीत चार माणसं काम घेऊन बसली होती. काकाजींनी दारातच हात वर केला आणि बोलायची परवानगी मिळेपर्यंत वरच ठेवला. कोपऱ्यातला कारकून हसला. सभापतीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू जागीच विरलं.

"बोला काकाजी."

"मी जनपदाकडून आलो," काकाजी म्हणाले. "आमच्या सभेपुढचा एक विषय तुमच्या सभेकडे वर्ग कराचा आहे. मोहटोल्याचा रपटा. आमच्यानं झाला नाई. तुम्ही घ्या."

सभापती उठून उभा राहिला. आत काही उमटलं असेल तर ते त्याने चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. म्हणाला, "घेतो. पन तुमच्या सभेची मंजुरी झाली का?"

"काल झाली. माझ्या ओसरीवर. एकमतानं."

म्हणजे विरोधकांनीही हात वर केला होता. मी शाळेत असताना हे सगळं होऊन गेलेलं.

बाहेर आल्यावर काकाजी भिंतीला टेकले. घाम पुसला. मग लहान मुलासारखं मला विचारलं, "बाई, आता जनपद मेलं का?"

मी म्हटलं, "नाही. विषय वर्ग केला, एवढंच." खरं काय ते मला ठाऊक नव्हतं. पण त्या क्षणी त्या म्हाताऱ्याबद्दल मला इतकी माया वाटली की मी आणखी शंभर गोष्टी सांगितल्या असत्या.

रपटा व्हायला दोन-तीन वर्षं गेली. सरकारी काम, आज मोजणी, उद्या साहेब रजेवर. शेवटी रोजगार हमीत काम निघालं आणि मोहटोल्याच्याच माणसांनी दगड फोडून, वाहून तो बांधला. काकाजी बघायला गेले नाहीत. मीच सांगायची, आज पाया भरला, आज काठाचं दगडी पिचिंग झालं. रपटा झाल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यात मोहटोल्याची पोरं गुडघाभर चिखल घेऊन शाळेत आली आणि माझा वर्ग घाण करून टाकला. मी संध्याकाळी काकाजींना सांगितलं. ते म्हणाले, "ओले झाले असतीन. पुसाले काई देत जा." आणि ताटातला भात कालवत राहिले.

आता सभा बंद करायला हरकत नव्हती. पण काकाजी टाळत होते. गणपती झाले, दसरा गेला. विरोधकांनी विचारलंच, तेव्हा म्हणाले, "ज्यायले तहकूब म्हून सांगतलं, त्यायच्यासमोरच बंद कराव लागन. अन् मंग सांगावंच लागन का मी खोटं बोललो. त्यायनं मले खोटा म्हटलं तं? या वयात मी ते पेलन का?"

"पेलशील," विरोधक म्हणाले. "मी आहे ना."

धान कापून झाल्यावर आम्ही गेलो. काकाजी, काकू, विरोधक आणि मी, एका रेंगीत दाटीवाटीने बसून. रेंगी म्हणजे तिकडची हलकी बैलगाडी. तलावांवर धुकं होतं आणि कापलेल्या धानाच्या बांध्यांमधून ओल्या तणसाचा, पेंढ्याचा वास येत होता. धुक्यातून एखादं मोहाचं झाड एकदम समोर यायचं आणि मागे जायचं. बैलांच्या गळ्यातल्या घंटांच्या तालावर मला झोप येत होती आणि त्या झोपेत असं वाटत होतं की आमच्या मागून अशाच आणखी गाड्या येताहेत, नदीकडच्यांच्या, जंगलाकडच्यांच्या, आणि त्या मालगुजारांचीही.

रपट्यावर सगळा मोहटोला जमला होता. धुकं निवळून पाण्यावर ऊन आलं होतं. लोक दोन्ही बाजूंच्या दगडांवर बसले. त्यांत एक म्हातारी होती, कपाळावर गोंदण, हातात काठी. त्या दिवशी चिंचेखाली नंबर विचारणारी तीच, असं काकूंनी माझ्या कानात सांगितलं. काकाजींनी टोपी काढून हातात घेतली. मी त्यांना बोडकं प्रथमच पाहत होते.

"त्या दिशी मी तुम्हाले सांगतलं का सभा तहकूब झाली," ते म्हणाले. "ते खोटं होतं. जनपद मोडलं होतं. मले ते बोलवलं नाई. तुम्ही माझ्या शब्दावर इतके वर्षं बसून राहिले. मले माफी पायजे."

नाल्याचं पाणी रपट्याखालून वाजत होतं. मग म्हातारी काठी टेकत उठली.

"आमाले मालूम होतं जी."

काकाजींना नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं. "काय मालूम होतं?"

"जनपद मोडलं म्हून. तवाच मालूम होतं. सभावाले मानसं आमच्या पुढूनच मोटरीकडे गेले ना, जनपद मोडलं, जनपद मोडलं, असं बोलत बोलत. आमी का बहिरे होतो?"

"मंग," काकाजी एक पाऊल पुढे आले, "मंग मले काहून इचारलं, नंबर कवा म्हून?"

"तुमी सगळ्यात मांगून बाहेर आले. तुमचं तोंड मले पाहवलं नाई जी. म्या म्हटलं, काईतरी इचाराव, म्हंजे या मानसाले बोलता तरी येईन. तुमी तहकूब म्हनले, तं आमी हो म्हटलो. मयताच्या घरी जाऊन बसतो ना आपन, अन् घरचा मानूस जे बोलन त्याले हो म्हनतो, तसं. बाजारात काकूले इचारत होतो, ते बी त्याच्याच साठी. तुमी उभे आहा का पडले, तेवढं समजाव म्हून."

काकाजी खाली बसले, रपट्याच्या दगडावरच. इतकी वर्षं ते ज्यांची आशा मोडू नये म्हणून तोंड लपवत होते, ते लोक इतकी वर्षं त्यांचं मन सांभाळत होते. विरोधक पाठ फिरवून नाल्याकडे बघत उभे राहिले आणि उपरण्याने नाक पुसू लागले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

काकाजी बसल्या जागेवरूनच बोलले. "सभा संपली." उभं राहून नाही, आभार मानून नाही, काही नाही. म्हातारीने मान हलवली आणि काठी बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी बसली. मग दोघं धानाबद्दल बोलू लागले, यंदा कोणत्या बांधीत किती पिकलं, तलावात पाणी किती दिवस पुरेल.

परत येताना काकाजी रेंगीत आडवे झाले होते, तोंडावर टोपी ठेवून. मला वाटलं झोपले. काकूंनी त्यांच्या पायांवर शाल टाकली. बाजारगावाची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा टोपीखालून आवाज आला.

"बाई, पंचायत समितीच्या सभेत बाहेरच्या मानसाले बसू देतात का?"

"बसू देत असतील," मी म्हटलं. "पण बोलू देणार नाहीत."

"चालन," काकाजी म्हणाले. "बोलाचं झालं माझं. आता ऐकाचं राहिलं आहे."